तांबोळी मास्तरांची साधी माणसं

शब्बीर तांबोळी मास्तर गाडीतली माणसं बोटानं मोजत नसत. बोट रोखून माणूस मोजणं म्हणजे त्याला मेंढरांत काढणं, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मागच्या सीटपासून पुढं चालत यायचे, प्रत्येक दांडीला तळहात लावत, ओठ हलवत, आणि माझ्या केबिनपाशी पोचले की आकडा तयार असायचा. "पन्नास फुल, सहा हाफ. त्रेपन्न झाले. चला जाधव." मग दोनदा घंटी. अकरा वर्षं मी धाराशिव डेपोत त्यांच्याबरोबर ड्रायव्हर म्हणून ड्युटी केली. एवढ्या वर्षांत त्यांचा आकडा एकदाच चुकला, आणि तोही गाडीत नाही. ते पुढं सांगतो.

कंडक्टरला आमच्याकडं मास्तर म्हणतात. पण डेपोतल्या बाकीच्यांना लोक सवयीनं मास्तर म्हणायचे, यांना मनापासून. बेताची उंची, कडक इस्त्रीची खाकी, चष्म्याला काळी दोरी. आडनाव तांबोळी, पण तोंडात कधी पान दिसलं नाही. मी चिडवायचो, "मास्तर, घराण्याचं नाव घालवलं तुम्ही." ते म्हणायचे, "आमच्या आज्जानं लई खाल्लं, त्याच्यातच आमचं बी झालं."

तेरच्या बाजाराच्या दिवशी गाडीत मुंगीला जागा नसायची. दुसरे कंडक्टर "पुढं सरका, पुढं सरका" म्हणून घसा फोडतात. मास्तर ओरडत नसत. ते गर्दीत शेवटच्या माणसापाशी जायचे आणि हळू सांगायचे, "मामा, जरा खेटून ऱ्हावा. तुमी खेटून असला की पुढचा पडत न्हाय." आणि मग माझ्याकडं वळून, "एकटा माणूस ब्रेक लागला की पडतो जाधव. खेटून असलेले पडत न्हायत." माझ्या ब्रेकवर हा टोमणा आहे असं वाटून मी पुष्कळदा फुगून बसलो आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी नसरीन पुण्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी मास्तर तिच्याकडं महिनाभर राहिले. घरात बसून कंटाळले म्हणून एका रविवारी ती त्यांना आपल्या मित्रमंडळींच्या खेळाला घेऊन गेली. एक हॉल, त्यात मोठमोठी टेबलं, टेबलांवर पुठ्ठ्याचे डोंगर आणि झाडं, आणि अंगठ्याएवढ्या रंगवलेल्या बाहुल्यांच्या फौजा. एकानं आपली फौज टेपनं मोजून पुढं सरकवायची, फासे टाकायचे, मग दुसऱ्यानं. फौजा कसल्या, तर राक्षसांच्या, उठून चालणाऱ्या मुडद्यांच्या. कुणाकडं आग ओकणारा पंखांचा साप, कुणाकडं जादूगार, कुणाकडं घराएवढा महाकाय.

मास्तरांनी दिवसभर खेळ पाहिला आणि संध्याकाळी विचारलं, "समदं झकास हाय. पन यात आपल्यासारखी माणसं कुठं हायेत?"

पोरं हसली. एकानं टेबलाखालून एक धूळ बसलेलं खोकं काढलं. त्यात साधे शिपाई होते, अर्धे लांब भाल्यांचे, अर्धे जुन्या तोड्याच्या बंदुकांचे, शिवाय ढोल वाजवणारी चार पोरं. "काका, ही कोणी घेत नाही. पहिल्याच धडकेत पळतात."

"पळतात? कोन म्हनलं?" मास्तर म्हणाले. ते खोकं मांडीवर घेऊन ते एसटीनं धाराशिवला आले.

झालं. त्या दिवसापासून डेपोच्या विश्रांतीगृहात आमच्या डब्यांशेजारी रंगाच्या बाटल्या आल्या. भाले मोडले होते, ते मास्तरांनी खराट्याच्या हिरांचे केले. माणसापेक्षा तिप्पट लांब. मी म्हणालो, "एवढा भाला कुणाला पेलणार?" तर नसरीननं पाठवलेली छापील पानं त्यांनी माझ्यापुढं धरली. चार-पाचशे वर्षांपूर्वी युरोपात शेतकरी, सुतार, विणकर अशी माणसं असले भाले घेऊन चौकोन करून उभी राहायची आणि चिलखत घातलेल्या घोडेस्वारांना अडवायची. इंग्रजी पानं मास्तर एका बोटाखाली एक शब्द धरून वाचायचे. महिनाभरात मला न विचारता सगळं पाठ झालं, कारण तेर ते धाराशिव रस्त्यात दुसरा विषयच उरला नव्हता.

"हे बघा," ते केबिनच्या दांडीला धरून सांगायचे, "बंदूकवाल्याचा एक बार निघाला की त्याला बारूद भरायला येळ लागतो. तवर घोडा त्याच्या छातीवर. म्हनून पहिली रांग बार काढती आन सरळ मागं जाती. दुसरी पुढं येती. आन घोडा लईच जवळ आला, तर समदे बंदूकवाले भाल्यांच्या खाली घुसतात. भालेवाला त्याला झाकतो, त्यो भालेवाल्याला. एकट्यानं दोघंबी मेले असते."

"मास्तर, पुढं गतिरोधक आहे," मी म्हणायचो.

डेपोत त्यांचं नाव 'बाहुलीवाले मास्तर' पडलं. कुणी भातुकली म्हणे, कुणी विचारी, लग्न कधी आहे बाहुलीचं. मास्तरांच्या कपाळाला आठी पडली नाही. उलट त्यांनी एक भलतंच सुरू केलं. रोजच्या प्रवाशांचे चेहरे ते त्या शिपायांना द्यायला लागले. मिशांचा दूधवाला भीमाअण्णा पहिल्या रांगेत भाला घेऊन. येडशीहून येणारे टोपीवाले गुरुजी बंदूकवाल्यांत. ही बातमी गाडीत फुटली आणि रोज चौकशा. कोथिंबीर विकणारी हौसाबाई तर ऐकेचना. "मास्तर, मला बी घ्या. पन मागं उभं करू नगा, सांगून ठिवते." मास्तरांनी एका शिपायाला मेणाचा पदर चढवला आणि हिरवा रंग दिला. तो पहिल्या रांगेत भीमाअण्णाच्या शेजारी गेला. हौसाबाईनं तो तळहातावर घेऊन उन्हात धरला, आणि कितीतरी वेळ परत दिला नाही. माणसं अशी आपली आपल्याला बघतात तेव्हा ती किती सरळ उभी राहतात, हे मी त्या दिवशी पाहिलं.

नळदुर्गच्या फेरीला थांबा जास्त असला की लोक किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून पडणारं पाणी बघायला जात. मास्तर बुरुजावर उभे राहून खाली घोडे कुठून आले असते त्याचा अंदाज घेत. लोहाऱ्याला जाताना दाट खेटून उभ्या ज्वारीच्या धाटांकडं बोट दाखवून सांगत, "आत्ता यातून बैल घाला बरं." मी गाडी हाकावी की यांना सांभाळावं, हे मला कळेनासं झालं होतं.

पण एक प्रसंग असा घडला की त्यानंतर डेपोत कुणी भातुकली म्हणालं नाही. तेरच्या अलीकडं आमची गाडी बंद पडली. माणसं खाली उतरून झाडाखाली बसली. शेजारीच वाढ्यासकट, म्हणजे शेंड्याच्या हिरव्या पाल्यासकट, उसाची ट्रॉली उभी होती. तेवढ्यात रस्त्यावरून एक मोकाट वळू आला. शिंगं खाली, नाकातून फुरफुर. दोन माणसं ओरडत पळाली आणि तो बरोबर त्यांच्या मागं लागला. बाया-पोरं घाबरून सैरावैरा झाली. मी, खरं सांगतो, केबिनमध्ये चढलो.

मास्तर चढले नाहीत. त्यांनी ट्रॉलीतला ऊस उपसला. "पळू नगा! पळणाराच्या मागं लागतोय त्यो! अण्णा, इकडं या. हे धरा. खेटून! बुडका पायाखाली दाबा, शेंडा त्याच्या तोंडाकडं!" आवाज चढवलेलं मी त्यांना त्याच दिवशी ऐकलं. दहा-बारा माणसं एकमेकांना चिकटून उभी राहिली, पोरं आत घेतली, आणि पुढं उसाचे शेंडे निघालेले. वळू धावत आला. हातभर अंतरावर थांबला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग मान पुढं करून हौसाबाईच्या हातातल्या उसाचं वाढं खायला लागला.

हसून हसून माणसांचे डोळे भरले. मी केबिनमधून म्हणालो, "मास्तर, घाबरून नाही थांबला तो. भूक लागली होती."

"थांबला का न्हाय, तेवढं सांगा," मास्तर म्हणाले. घामानं त्यांची खाकी पाठीला चिकटली होती. "त्यो का थांबला ते त्याला इचारा. ही माणसं का थांबली, ते मला ठावं हाय."

पुढं नसरीनचा फोन आला. पुण्याच्या त्या खेळाच्या मंडळात वर्षाला एक मोठी स्पर्धा व्हायची. मंडळ चालवणाऱ्या रेवतीताई म्हणून होत्या, त्यांनी नवा नियम मांडला होता. यापुढं प्रत्येक फौजेत निदान एक तरी वीर, जादूगार किंवा राक्षस असलाच पाहिजे. नुसत्या साध्या माणसांची फौज चालणार नाही, कारण ती लगेच हरते आणि समोरच्याचा रविवार वाया जातो. स्पर्धा झाली की त्याच संध्याकाळी हात वर करून निर्णय घ्यायचा होता.

मास्तरांनी फोन ठेवला आणि ते खोक्याचं झाकण उघडझाप करत बसले. मग म्हणाले, "जाधव, रजा टाका. एक डाव जिंकायचा हाय. एकच. न्हायतर ही समदी माणसं खोक्यातच ऱ्हातील."

मी रजा टाकली. एसटीनं निघालो, प्रवासी म्हणून. दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग बघणं फार वाईट. त्या ड्रायव्हरच्या प्रत्येक ब्रेकला मी दात खाल्ले, आणि मास्तरांनी मांडीवरचं खोकं दोन्ही हातांनी असं धरलं होतं, जणू आत कुणीतरी झोपलं आहे.

स्पर्धेत मास्तर पहिला डाव हरले. दुसरा बरोबरीत सुटला. शेवटचा डाव अनिकेत नावाच्या मुलाशी होता. चांगला मुलगा, नम्र, पण त्याच्याकडं महाकाय. वीतभर उंच, खांद्यावर झाडाचं खोड. मधोमध एक टेकडी, ती शेवटी ज्याच्याकडं त्याचा डाव. मास्तरांनी टेकडीवर भालेवाल्यांचा चौकोन उभा केला आणि दोन्ही बाजूंना बंदूकवाले. हॉलमधले बरेच जण आमच्या टेबलाभोवती जमले. नसरीनही आली. सुरुवातीला ती बापाच्या पॅन्टची इस्त्री बघत अवघडून उभी होती, हे मला दिसलं.

अनिकेतचे राक्षस टेकडी चढायला लागले. मास्तरांची पहिली रांग बार काढून मागं, दुसरी पुढं, पुन्हा मागं. राक्षस थांबले, पांगले. मग महाकाय निघाला. बंदूकवाले भाल्यांखाली गेले. पहिली धडक अडली. दुसरी धडक अडली. तिसऱ्या धडकेला हिशोब असा होता की चौकोनातली माणसं अधिक फाशाचं दान, हे महाकायाच्या जोराहून जास्त भरलं पाहिजे. एका चौकोनात जास्तीत जास्त चाळीस माणसं चालत, आणि तिथं मेलेली माणसं डाव संपेपर्यंत मोजणीतून काढत नसत. मास्तरांनी फासा टाकला. बेरीज झाली. एकानं जास्त.

हॉलमध्ये गलका झाला. अनिकेतनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. आता टेकडी मास्तरांची होती. मी त्यांच्या पाठीवर थाप मारली. रेवतीताई निकाल लिहायला वाकल्या.

आणि मास्तर सवयीनं मोजायला लागले. टेबलाच्या कडेला तळहात लावत, ओठ हलवत, मागच्या रांगेपासून पुढं. मधेच थांबले. पुन्हा मागं गेले. त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, लिहू नगा," ते म्हणाले. "माझी गाडी ओव्हरलोड हाय."

कुणालाच काही कळेना. मास्तरांनी मागच्या रांगेतल्या चार चिमुकल्या आकृतींकडं तळहात केला. ते ढोल वाजवणारे पोरगे होते, फौजेला पाऊल मिळावं म्हणून ठेवलेले. "अडतीस मोठी माणसं आन ही चार पोरं. म्या यांना हाफ धरलं. अडतीस आन दोन, चाळीस. पण इथं हाफ तिकीट न्हाय ना. बेचाळीस झाली."

तीस वर्षं गाडीत माणसं मोजलेल्या हातानं पोरांना अर्धंच मोजलं होतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चूक त्यांची, पण ती सांगायची कशाला? अनिकेतसुद्धा म्हणाला, "काका, राहू द्या ना. कोणी पाहिलं नव्हतं."

"म्या पाहिलं की," मास्तर म्हणाले.

त्यांनी दोन ढोलवाले उचलले. ठेवायला जागा शोधत होते, तेवढ्यात नसरीननं हात पुढं केला आणि ते मुठीत घेतले. मग मास्तरांनी बेरीज पुन्हा करायला लावली. पहिल्या दोन धडका बेचाळिसाच्या ऐवजी चाळिसातही अडत होत्या, त्यांचं दानच मोठं होतं. तिसरी एकानं कमी भरली. महाकाय चौकोन फोडून टेकडीवर आला. आता उरलेली माणसं पळतात की थांबतात, हे ठरवायला आणखी एक फासा होता. मास्तरांनी तो टाकला. थांबली. पहिली रांग आडवी झाली, दुसरी तिच्या जागी आली. हौसाबाई पडली, भीमाअण्णा पडला, गुरुजी बंदूक टाकून भाला घेऊन पुढं आले. वेळ संपल्याची शिट्टी झाली तेव्हा टेकडीवर महाकाय होता आणि त्याच्या चारी बाजूंना मास्तरांची अकरा माणसं, एकही पाठ दाखवून नाही. डाव अनिकेतचा.

मास्तर खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. "हरली," ते मला म्हणाले. "लई चांगली हरली. पन हरली."

संध्याकाळी रेवतीताईंनी नियमाचा विषय काढला. मास्तर खोक्यात माणसं झोपवत होते, वर बघत नव्हते. अनिकेत उठला आणि म्हणाला, "माझा महाकाय आज तीनदा चढला. राक्षसांची फौज एका धडकेत पळते, मी स्वतः पाहिलंय. ही माणसं शेवटपर्यंत पळाली नाहीत. कुठल्या नियमाखाली आपण यांना बाहेर काढणार?" मग रेवतीताईंनी विचारलं, नियम हवा असणाऱ्यांनी हात वर करा. तीनच हात वर गेले. त्यांचा स्वतःचा खालीच होता.

नसरीन मुठीतले दोन ढोलवाले घेऊन बापाजवळ आली. सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणाली, "अब्बा, यांना पण घ्या की आत." मला तर त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की मी उगाचच खिडकीबाहेर बघत राहिलो.

पुढच्या वर्षी मास्तर निवृत्त झाले, त्यानंतर दोन वर्षांनी मीही. यंदाच्या स्पर्धेला ते खेळणार नव्हते. हात थरथरतो, फौज वाकडी उभी राहते, म्हणाले. पण बघायला जाऊ म्हणून मला बरोबर घेतलं. हॉलमध्ये गर्दी होती. कोपऱ्यातल्या टेबलावर एक तरुण बाई खेळत होती. आम्ही तिला ओळखत नव्हतो, ती आम्हाला. तिच्या फौजेत वीर नाही, जादूगार नाही. नुसते भाले आणि बंदुका. समोर पंखांचा साप.

साप झेपावला. तिनं बंदूकवाले भाल्यांखाली घेतले. फासा टाकला आणि ओठ घट्ट मिटून बेरीज केली. रेवतीताईंनी माणसं मोजली. चाळीस. बरोबर चाळीस. सापाची दुसरी झेप अडली, तिसरी अडली, आणि साप टेबलावरून उचलावा लागला. ती बाई उभी राहून दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागली.

मी मास्तरांना कोपर मारलं. "चला, तिला सांगू या. हे कुणामुळं झालं ते कळू दे तिला."

"नको," मास्तर म्हणाले. "तिची माणसं हायेत ती."

ते गर्दीच्या तिसऱ्या रांगेत उभे होते, पुढच्यांच्या खांद्यांमधून बघत. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि परत लावला. ती बाई आपली चाळीस माणसं एकेक करून खोक्यात ठेवेपर्यंत ते जागचे हलले नाहीत.